तिसरी टाकी

अहो, परवा आपल्या जीपला बघायला एक गृहस्थ आले होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर थाप मारली आणि पहिला प्रश्न तोच विचारला, जो गेली बावीस वर्षं जो तो तुम्हाला विचारत आला. आपल्या दूधवाल्यानं विचारला, माझ्या भावानं विचारला, आपल्या निखिलच्या लग्नात मुलीकडच्या भटजींनीसुद्धा विचारला. "एवरेज कितना दे देती है?" आणि मी पटकन मागे वळून पाहिलं. उत्तर द्यायला तुम्ही उभे असाल म्हणून.

तुम्ही असता तर डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला असता, बारा.

तुम्हाला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. लोक येतात, बसतात, तुमच्या सचोटीबद्दल बोलतात. विमा कंपनीत पस्तीस वर्षं काढली पण कधी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही, असं तुमचे जुने सहकारी सांगत होते. मी मान डोलावत होते आणि मनात म्हणत होते, एव्हरेज सोडून. कारण ते बारा खोटे होते हे जगात दोनच माणसांना पक्कं ठाऊक होतं. एक तुम्ही, आणि दुसरी मी, जी वही लिहायची.

ती वही माझ्यासमोर आहे. निळ्या पुठ्ठ्याची, लांबट. प्रत्येक टाकीला एक ओळ. किलोमीटर, लिटर, भागाकार, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. तुम्ही स्टिअरिंगवरून आकडे मोठ्यानं वाचायचात आणि मी डाव्या सीटवर लिहायची. त्याआधी टोंक रोडच्या पंपावर तो सोहळा व्हायचा. नळी टक् करून थांबली की पंपावरचा माणूस म्हणायचा झालं, आणि तुम्ही म्हणायचात अजून कुठं. मग तुम्ही एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं मागचा बंपर धरून जीप हलवायची, टाकीतली हवा बुडबुडे होऊन वर यायची आणि आणखी दीड-दोन लिटर आत जायचं. अगदी गळ्यापर्यंत. दर वेळी एकाच खुणेपर्यंत भरलं तरच हिशेब खरा, असं तुमचं म्हणणं. मागे रांगेतले लोक हॉर्न वाजवायचे. मी साडी खोचून गाडी हलवतेय हे बघून एकदा एक बाई खाली उतरली आणि धक्का मारायला आली, गाडी बंद पडली असं समजून.

इतकं काटेकोर मोजायचं, आणि मग शेऱ्याच्या रकान्यात सगळ्यावर पाणी फिरवायचं. आकडा मनासारखा आला नाही की तुम्ही शांतपणे सांगायचात, "लिही, धरू नये." पुढे कारण. गणगौरीच्या मिरवणुकीत अडकलो, धरू नये. शैलाच्या, म्हणजे माझ्या, माहेरची सहा माणसे, धरू नये. जुन्या शहरात, चारदीवारीत रजया आणायला गेलो, दोन तास पहिल्या गिअरमध्ये, धरू नये. संक्रांतीला मात्र सगळं जयपूर पतंग उडवायला गच्चीवर असतं आणि रस्ते मोकळे असतात, तेव्हा तुम्ही मुद्दाम सीकरपर्यंत जाऊन यायचात. एका वर्षी त्या टाकीला पावणेबारा आले. त्या ओळीत शेरा नाही. पावणेबाराचे बारा झाले आणि पुढे आयुष्यभर तेच चालले.

यावरून आपण किती भांडलो असू. मी म्हणायची, आपण राहतो प्रताप नगरला, जातो सांगानेरच्या भाजीला, तर रोजच्या रस्त्यावर जे येतं तेच खरं. नऊ, फार तर साडेनऊ. तुम्ही म्हणायचात, गर्दीतला आकडा हा गर्दीचा असतो, गाडीचा नसतो. गाडीचा आकडा बघायचा तर तिला मोकळा रस्ता द्यावा लागतो. मी म्हणायची, पळवाट. तुम्ही हसायचात आणि वर मलाच चहा टाकायला सांगायचात.

आणि हे काही गाडीपुरतं नव्हतं. निखिल रविवारचा रविवार फोन करायचा, तुम्ही शेजाऱ्यांना सांगायचात, रोज करतो. मी गाणं सोडून वीस वर्षं झाली तरी मंडळातल्या नव्या माणसांशी माझी ओळख "आमची शैला फार छान गाते" अशीच. प्रत्येक माणसाचा तुम्ही मोकळ्या रस्त्यावरचा आकडा सांगायचात. मला त्याचा राग यायचा. वाटायचं, या माणसाला समोरचं दिसतच नाही.

पण एक वर्ष मला आठवतं. आई गेली ते. तिचं बरं नसल्याचं कळलं तेव्हा मी लगेच साताऱ्याला निघत होते आणि तुम्ही म्हणालात, दोन दिवस थांब, मी रजा टाकतो, जीपनंच जाऊ. त्या दोन दिवसांतच ती गेली. त्यानंतर मी तुमच्याशी वर्षभर कामापुरतं बोलले. मीठ संपलंय, किल्ली ठेवलीय, एवढंच. तुम्ही एकदाही उलटून बोलला नाहीत. पुढे खूप वर्षांनी मी तो विषय काढला, म्हटलं, फार वाईट वागले मी तुमच्याशी. तुम्ही जीपच्या इंजिनात उगाच डोकं खुपसून उभे होतात. वर न बघता म्हणालात, "ते वर्ष मी धरलेलं नाही."

तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं. आता सांगते, कारण पुढचं सांगायला त्याचा आधार लागणार आहे.

मागच्या दिवाळीत आपण एक करार केला. जीपचा क्लच माझ्या गुडघ्याला कधी झेपलाच नाही. मला एक लहान गाडी हवी होती, गिअर नसलेली, मी एकटी चालवीन अशी. त्यावर तुमचं ठरलेलं उत्तर, "मी आहे ना." मी म्हटलं, तुम्ही आहात हो, पण मलाही कुठे जायचं असतं. मग ठरलं. तीन टाक्या मोजायच्या. रोजचं जाणं-येणं, मुद्दाम सीकर नाही, उताराला गाडी न्यूट्रल करणं नाही. तिन्हींची सरासरी दहाच्या वर आली तर जीप राहील. खाली आली तर जीप विकायची आणि लहान गाडी घ्यायची. आणि माझी अट, जी तुम्ही तोंड वाकडं करून मान्य केलीत. या तीन टाक्यांना शेरा नाही. "धरू नये" अजिबात नाही.

पहिल्या टाकीला दहा पूर्णांक दोन दशांश आले. तुम्ही त्या दिवशी सहा प्याज कचोऱ्या आणल्यात आणि पाच खाल्ल्यात.

दुसरी टाकी भरून तीन दिवस झाले असतील, आपण बनवारीजींच्या नातीच्या लग्नाला गेलो. तुमच्या ऑफिसात ते शिपाई होते आणि तुम्ही त्यांना कधी नुसतं बनवारी म्हणाला नाहीत. त्यांचं घर चुरूकडे, गावाबाहेर रेतीतल्या चार घरांच्या ढाणीत. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये जीप रुतली. तुम्ही काच खाली केलीत आणि म्हणालात, "शैला, हब."

आपल्या संसारात मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं हे वाक्य असावं. जुन्या फोर-व्हीलला पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक चकती असते, तोच हब. ती हातानं फिरवून लॉक केली की पुढची चाकंही इंजिनाला जोडली जातात आणि चारही चाकं ओढतात. डांबरी रस्त्यावर आलं की पुन्हा खाली उतरून ती फ्री करायची. नाही केली तर पुढचा सगळा जोड उगाच फिरत राहतो आणि डिझेल पितो. तुमच्या कंबरेचं दुखणं सुरू झालं तेव्हापासून हे खाली उतरायचं काम माझं होतं. नव्या साडीत मी रेतीत उतरले, दोन्ही चकत्या फिरवल्या, आणि आपली जीप तळ्यातून म्हैस निघावी तशी सावकाश बाहेर आली. वऱ्हाडातल्या बायकांनी घुंगटातून बघितलं आणि मला जेवायला मानाच्या ओळीत बसवलं.

परतताना डांबरी लागल्यावर तुम्ही विचारलं होतंत. हे मी आधी लिहून ठेवते. तुम्ही गाडी हळू केलीत आणि विचारलंत, "हब झाले ना?" माझ्या मांडीवर बनवारीजींच्या सुनेनं दिलेली लाडवांची टोपली होती, पायांवर शाल होती, बाहेर थंडी होती. मला वाटलं, पुढे चहाला थांबू तेव्हा करीन. मी म्हटलं, "हो." तुम्ही वेग वाढवलात. चहाला आपण थांबलोच नाही आणि मी विसरून गेले.

आठवलं तीन आठवड्यांनी. अंगणात पाईपनं चाकं धूत होते. चकतीवरचा बाण लॉकवर होता. दुसऱ्या चाकाशी जाऊन बघितलं, तिथेही तेच. पाईपचं पाणी माझ्या पायांवर पडत होतं आणि तुम्ही आत पेपर वाचत होतात. एक हाक मारायची होती फक्त. अहो, माझ्याकडून राहिलं. तुम्ही जरा कुरकुरला असता, एक वाक्य ऐकवलं असतंत आणि विषय संपला असता.

मी हाक मारली नाही. चकत्याही फिरवल्या नाहीत. आता फ्री केल्या तर टाकी अर्धी अशी आणि अर्धी तशी होईल, हे मी स्वतःला दिलेलं कारण. खरं कारण लहान गाडी. मी खोटं कुठे बोलतेय, नुसती बोलत नाहीये, असंही स्वतःला समजावलं. तुम्हाला मी आयुष्यभर पळवाटा काढता म्हणून हिणवलं, आणि माझी पाळी आली तेव्हा मी अख्खा बायपास काढला.

त्या टाकीला नऊ पूर्णांक तीन दशांश आले. पंपावर तुम्ही तो भागाकार माझ्याकडून दोनदा करून घेतलात. शेऱ्याच्या रकान्याकडे बघितलंत आणि काही सांगितलं नाहीत, कारण अट होती. घरी येताना पूर्ण रस्ता चाळीसच्या वर गेला नाहीत. सांगानेरच्या पुलावर म्हणालात, "थकली गं ती. माझ्यासारखीच."

अहो, तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. ती थकली नव्हती. तिच्या पायात मी बेडी ठेवली होती. आणि तुम्ही तिचा आकडा स्वतःला लावून घेतलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही झोटवाड्याला रामौतारजींच्या गॅरेजला जायचं म्हणत होतात, इंजिन दाखवायला, आणि मग स्वतःच म्हणालात, राहू दे, वय झाल्यावर काय दाखवायचं. संध्याकाळी लहान गाडीचं माहितीपत्रक घेऊन आलात आणि मला विचारलंत, रंग कुठला? मी म्हटलं, लाल. जिंकले होते मी. त्या रात्री भाजी खारट झाली आणि तुम्ही निमूट जेवलात.

ठरवलं होतं, तिसरी टाकी संपली की सांगायचं. कसं सांगायचं त्याची वाक्यंही मनात जुळवली होती. नवव्या दिवशी सकाळी तुम्ही अर्धा कप चहा ठेवून गेलात.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचं होतं, कधीचं असेल, कळलं नसेल. निखिल मला तेच पुन्हा पुन्हा सांगतो. मला ते समजतं. एका चकतीनं माणूस जात नाही, एवढी अक्कल मला आहे. पण जाण्याआधीचे नऊ दिवस तुम्ही स्वतःला थकलेले समजून काढलेत, ते माझ्यामुळे. ते कुठल्या डॉक्टरला विचारू?

तर परवाचे ते गृहस्थ. निखिलनंच बोलावले होते. त्याची रजा संपत आली आहे. तो म्हणाला, "आई, मतलब, ती गाडी आता कोण चालवणार? तुझा गुडघा असा. उभी राहून सडेल ती." त्याचं खोटं नव्हतं. गृहस्थ चांगले होते, करड्या दाढीचे, जुन्या फोर-व्हीलचे शौकीन. एव्हरेज विचारून ते माझ्या उत्तराची वाट बघत राहिले. मला बाराही म्हणवेना आणि नऊही म्हणवेना. तेवढ्यात ते पुढच्या चाकाशी वाकले.

"हब तो लॉक पड़े हैं," ते निखिलला म्हणाले. मग माझ्याकडे बघून, अगदी सौम्यपणे, "अंकलजी को ध्यान नहीं रहा होगा। उमर में हो जाता है।"

काय झालं मला कळलं नाही. चोवीस दिवसांत माझा आवाज इतका चढला नव्हता. मी म्हटलं, "अंकलजी ने पूछा था। मैंने हाँ कहा था, और किया नहीं। गलती मेरी है।"

मी अंगणात खाली बसले, चाकाशी. चकती इतके दिवस न फिरवल्यानं घट्ट झाली होती. पदरानं धरून फिरवली. मग दुसरी. गृहस्थांनी हात पुढे केला, तो मी घेतला नाही. उठून त्यांना सांगितलं, आमची टेस्ट चालू आहे, ती पूर्ण झाल्याशिवाय गाडीचं काही सांगता येणार नाही. ते म्हणाले, "कितना फर्क आएगा? आधा, पौना किलोमीटर।" मी म्हटलं, तेवढाच हवा होता. शहाणे असावेत. चहा पिऊन, नंबर ठेवून गेले.

निखिलला मग सगळं सांगितलं. तुम्हाला सांगायची जुळवून ठेवलेली वाक्यं त्याला सांगितली. तो किल्ली घेऊन आला आणि म्हणाला, चल, पंपावर. मी किल्ली त्याच्या हातातून घेतली. बावीस वर्षांत मी ही जीप किती चालवली असेन, कॉलनीच्या फाटकापर्यंत दहा-बारा वेळा. क्लचला गुडघा कळवळला, पण दबला. निखिल डाव्या सीटवर, माझ्या जागेवर, वही मांडीवर घेऊन. हिंदी शाळेत शिकलेला तुमचा मुलगा, एकेक अक्षर जोडत शेरे वाचत होता. "शैलाचा वाढ... दिवस. नाहरगड, खूप चढ. धरू नये." पुढचं पान. "निखिलला होस्टेलला सोडून आलो. येताना हळू चालवली. धरू नये." त्यानं वही मिटली.

"धरू नये मतलब?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं, म्हणजे तो दिवस मोजायचा नाही.

पंपावर नळी टक् करून थांबली. पंपावरचा माणूस म्हणाला, हो गया. मी म्हटलं, अभी कहाँ. निखिल एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं. बुडबुडे वर आले, डिझेल आत गेलं, मागच्यांनी हॉर्न वाजवले. मग मी स्टिअरिंगवर बसून किलोमीटर मोठ्यानं वाचले, लिटर मोठ्यानं वाचले, आणि त्यानं लिहिले. भागाकार करायला त्यानं फोन काढला. मी नको म्हटलं.

वही मागून घेतली. अट माझीच होती, शेरा नाही. ती मोडली. दुसऱ्या आणि तिसऱ्या टाकीच्या ओळींसमोर लिहिलं, "हब लॉक राहिले. शैलाला माहीत होते. धरू नये."

एवढं एक तुमच्याकडून उसनं घेतलं. तुम्ही माझं अख्खं वर्ष सोडून दिलंत, मी नऊ दिवस मागतेय. जमलं तर बघा.

आणि तुम्ही स्वतःबद्दल जे म्हणालात, तेही धरू नये. तुम्ही थकला नव्हतात हो. तुम्ही त्याच आठवड्यात पाच कचोऱ्या पचवणारे होतात, असं म्हणणार होते, पण ती पहिली टाकी होती. बघा, मीही आता मोकळ्या रस्त्यावरचेच आकडे सांगायला लागले.

करारातली एकच टाकी धरण्याजोगी झाली आहे. दोन राहिल्या. निखिलला सांगितलंय, तोवर गाडी विकायची नाही, गुडघ्याला पट्टा बांधीन आणि रोज भाजीला जाईन. दहाच्या खाली आली तर लाल गाडी घेईन, तेही अगदी ठरल्यासारखं. आता कुणी एव्हरेज विचारलं तर अजून मोजतोय म्हणून सांगते.

पंपावरून निघायच्या आधी मी इंजिन चालू ठेवून खाली उतरले. निखिल म्हणाला, आई, काय राहिलं? दोन्ही चाकांशी वाकले, दोन्ही चकत्यांवर बोट ठेवून बाण बघितला आणि मग वर येऊन बसले.

अहो, हब झाले. या वेळी बघून सांगतेय.